अंगात वीज राहत नाही

सगुणाअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या कोठीच्या खोलीत. तांदळाच्या पिंपाला टेकून, कानांत कापसाचे बोळे घालून, डोळे घट्ट मिटून त्या बसल्या होत्या. पाऊस अजून सुरूही झाला नव्हता. नुसतं आभाळ भरून आलं होतं आणि लांब लालबागेच्या बाजूला कुठेतरी गडगडत होतं.

जून १९९५ मधली ही गोष्ट. माझ्या नवऱ्याला, शंतनुला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो आणि बसवनगुडीतल्या एका मराठी घराची माडी भाड्यानं घेतली. मी खाली विरजण मागायला गेले होते. अक्कांच्या सासूबाई, तानूबाई, मला कोठीच्या दारातच म्हणाल्या, "आत जाऊ नको गं. ढग हाय. ढग सरल्यावर ती बोलंल."

तासाभरानं ढग सरले आणि सगुणाअक्का स्वतःच विरजणाची वाटी घेऊन जिना चढून आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, चाळिशी ओलांडलेल्या. "स्वल्प भ्याले होते," त्या म्हणाल्या. "मनावर घेऊ नको." वाटी मात्र त्यांनी माझ्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली. काही सोवळं-ओवळं असेल असं मला वाटलं.

तसं नव्हतं. खरं कारण हळूहळू कळलं. थोडं तानूबाईंकडून, थोडं समोरच्या मालनबाईंकडून, आणि पुढे ओळख वाढल्यावर खुद्द अक्कांकडून.

हे घराणं तीनशे वर्षांपासून या मुलखातलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. अक्कांचे यजमान गिरीराज चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानात कामाला होते. अक्का पुढच्या खोलीत मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करून देत. एकुलती एक मुलगी चंदना, लग्न होऊन हुबळीला गेलेली. मालनबाई सांगायच्या, "सगुणा हसली की कोपऱ्यावरच्या फुलवाल्याला ऐकू जायचं. आता कुठं हसती?"

मी येण्याआधी दोन महिने अक्कांच्या अंगावर वीज पडली होती.

एप्रिलमधला रविवार होता. बेंगळुरूत वळीव कसा येतो ते नंतर मीही पाहिलं. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली, आणि चार वाजायला आले की कुठून तरी गार वाऱ्याचा झोत येतो, धूळ आणि गुलमोहराच्या पाकळ्या गरगरत उडतात, आणि बघता बघता आभाळ शिसवी लाकडासारखं काळं होतं. त्या रविवारी गिरीराजांचे धाकटे भाऊ त्रिविक्रम आईला भेटायला आलेले होते. ते इंदिरानगरला राहत आणि विमानांच्या कारखान्यातल्या अग्निशमन दलात नोकरी करत. दोघं भाऊ टीव्हीवर क्रिकेट बघत बसले होते. वारा सुटला तशी अक्का वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी तार बांधलेली होती. पाऊस सुरू झाला नव्हता, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

"तारेवरनं चादर ओढली एवढं आठवतंय," अक्का मला म्हणाल्या. "आवाजसुद्धा आठवत न्हाई. लोक म्हणतात कान फुटायसारखा आवाज झाला. माझ्यासाठी झालाच न्हाई तो."

घरातले सगळे गच्चीवर धावले. अक्का तारेखाली पडल्या होत्या, चादर अर्धी अंगावर. डोळे उघडे, ओठ निळसर, छाती हलत नव्हती. शेजारपाजारचे जिन्यात गोळा झाले. पण कुणी पुढे होईना. विजेनं मारलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहते, हात लावणारा पण जातो, असं त्या गल्लीत लहानथोर सगळ्यांनीच ऐकलेलं. कुणी म्हणालं, शेण आणा, शेणात ठेवा, वीज उतरेल. एकजण शेण शोधायला धावलासुद्धा.

त्रिविक्रम गर्दीतून वाट काढत पुढे गेले. त्यांनी वहिनीला खांद्यांखाली धरून ओढत जिन्याच्या छपराखाली आणलं आणि गुडघ्यांवर बसले. मान मागे केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला. मग दोन्ही हातांनी छाती दाबली. पुन्हा श्वास. वरून गारा पडायला लागल्या, पत्र्यावर तडतडायला लागल्या, तरी ते थांबले नाहीत. जिन्यातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. तानूबाई रडायचं थांबून नुसत्या बघत राहिल्या. किती वेळ गेला हे प्रत्येकजण वेगळं सांगतं. शेवटी अक्कांच्या घशातून खरखर आवाज आला, आणि त्या खोकल्या.

रुग्णालयातून त्या आठवड्यानं घरी आल्या. पाठीवर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उठली होती, ती एक-दोन दिवसांत आपोआप मावळली. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. उजवा हात कापायचा. सुईत दोरा ओवता येईना म्हणून मशीनवर कापड टाकून ठेवलं.

या गोष्टी औषधाच्या होत्या. बाकीच्या नव्हत्या.

सुरुवातीला माणसं दर्शनाला यायला लागली. दोन गल्ल्या पलीकडच्या एक बाई नारळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, देवी तुमच्या अंगावरून गेली, माझ्या मुलाला अंगारा द्या. अक्कांनी त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. दुसऱ्या काही बाया उलट लांबून चालायला लागल्या. आणि मालनबाईंच्या भाषेत सांगायचं तर "उरलेल्यांना वेगळंच काही दिसत होतं." दिरानं भरल्या गल्लीसमोर वहिनीच्या तोंडाला तोंड लावलं, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. कुणी तोंडावर बोललं नाही. पण दर रविवारी येणारे त्रिविक्रम यायचे बंद झाले. त्यांची बायको कस्तुरी रुग्णालयात एकदाच येऊन गेली होती, त्यानंतर नाही. गिरीराज भावाचं नाव काढत नसत. दुकानातून येत, जेवत, आणि पेपर तोंडापुढे धरत.

"ह्यांना राग आलाय," अक्का म्हणायच्या. "येणारच की. मी पडले होते, मी काय करणार. पण नवऱ्याच्या मनाला ते कोण सांगणार?"

आणि त्यांची स्वतःची एक भीती होती, ती त्यांनी कितीतरी दिवस कुणालाच सांगितली नाही. वीज आपल्या अंगात अजून आहे असं त्यांना वाटत होतं. हात कापतो तो त्यामुळेच. डाव्या कानात सारखं गुणगुणतं तेही त्यामुळेच. म्हणून त्या कुणाच्या हातात वस्तू देत नसत, कुणाला हात लावत नसत. डॉक्टरांनी समजावलं होतं. अक्कांनी मान डोलावली होती, घरी येऊन पुन्हा तेच.

ऑक्टोबरमध्ये चंदना बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. अक्कांनी डिंकाचे लाडू केले, शेगडी पेटवली, बाळाचे लंगोट धुतले. पण बाळाला घेतलं नाही. न्हाऊ घालायला मालनबाईंना बोलावलं. बाळ रडायला लागलं की अक्का पाळण्याची दोरी ओढायच्या, आणि नाही थांबलं तर चंदनाला हाक मारायच्या.

एका सकाळी मी खाली गेले तर चंदना रडत होती. "आईला मुलगी नको होती का, अंजलीअक्का? तिला नातू हवा होता का?"

अक्का स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. चंदना खोलीत गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदा ती गोष्ट बोलल्या. "एवढासा जीव. माझ्या हातानं काही झालं तर? तू शिकलेली हाईस. तू म्हणशील असं काही नसतं. डॉक्टरपण म्हणाले. पण त्यांनी मला हात लावला तो दवाखान्यात, पुष्कळ नंतर. त्या वेळी, ताजी वीज असताना, एकाच माणसानं लावला."

"मग त्यांनाच विचारू या," मी म्हणाले.

त्यांनी कढई खाली उतरवली. "सरी," म्हणाल्या, म्हणजे बरं. "आज जाऊ. उद्या माझी हिंमत राहणार न्हाई."

जेवणं उरकून आम्ही निघालो. मधे एकदा बस बदलावी लागली. दुसऱ्या बसमध्ये बसलो तेव्हा आभाळ भरून यायला लागलं. ऑक्टोबरातला तो पाऊस वळवासारखाच दुपारी येतो आणि वाजतगाजत येतो. अक्कांनी पदर हाताला गुंडाळून समोरचा दांडा धरला होता. पहिला गडगडाट झाला तसं त्यांनी कपाळ त्या हातावर टेकलं आणि ओठ हलवत राहिल्या. बायका वळून बघत होत्या. मी विचारलं, "उतरून परत जायचं का?"

"उतरलं तर उघड्यावर उभं राहावं लागंल," त्या डोकं न उचलता म्हणाल्या. "बस चालू दे."

इंदिरानगरला उतरलो तेव्हा पाऊस लागलाच. त्रिविक्रमांचं घर जवळ होतं. अक्का इतक्या भराभर चालल्या की मला पळावं लागलं. मधे आभाळभर उजेड झाला तेव्हा त्या थबकल्या, भिंतीशी नाही, झाडाशी नाही, रस्त्याच्या मध्यावर. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग आवाज होऊन गेला आणि त्या पुन्हा चालायला लागल्या.

दार कस्तुरीनं उघडलं. बारीक चणीची, गंभीर चेहऱ्याची बाई. आम्हाला ओलं बघून तिनं टॉवेल आणून दिले, बसा म्हणाली, आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्रिविक्रम रात्रपाळी करून झोपले होते, ते बनियनवर शर्ट अडकवत बाहेर आले. अक्कांना पाहून दारातच थांबले.

"भावजी, एक विचारायला आले," अक्का म्हणाल्या. "खरं सांगा. त्या दिवशी मला हात लावला तेव्हा तुम्हाला झटका बसला का?"

"नाही वैनी."

"स्वल्पसुद्धा न्हाई?"

"काहीच नाही. तुमचा हात गार होता. एवढंच."

"मग लोक म्हणतात ते?"

त्रिविक्रम समोर बसले. "वैनी, विजेच्या तारेला चिकटलेला माणूस असतो, त्याला हात लावायचा नसतो. तिथं करंट चालूच असतो. आभाळातल्या विजेचं तसं नाही. ढगात साठते ती, आणि जमीन गाठायला वाट शोधते. त्या दिवशी तिला आपली तार सापडली. पापणी लवायच्या आत आली आणि जमिनीत गेली. अंगात राहत नाही. राहायला जागाच नाही तिला."

"मग माझा हात कापतोय तो?"

"मार बसलाय नसांना. मार देणारा निघून गेला तरी दुखतं की नाही? तसं. हळूहळू सुधारंल."

अक्का आपल्या तळहातांकडे बघत होत्या. "आणि मी मेले होते का, भावजी?"

"काळीज थांबलं होतं. विजेच्या माणसाचं काळीज पुष्कळदा आपलं आपण पुन्हा सुरू होतं. पण शरीर श्वास घ्यायचं विसरतं. ते आठवेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा असतो. आम्हाला हे शिकवतात. मी तेवढंच केलं."

"तेवढंच सगळ्यांना दिसलं," भिंतीजवळून कस्तुरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "अक्का, तुम्ही घरात होता. मला लग्नाकार्यांत जावं लागतं. बायका शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, तुझे यजमान फार धीट हायत म्हणे. आणि हसतात. मी काय सांगायचं त्यांना?"

बाहेर पाऊस चांगलाच कोसळत होता. त्रिविक्रम खाली बघत राहिले. अक्का उठल्या आणि कस्तुरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सांग, की अक्का मेली होती," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईला कसली लाज गं? ज्यांना हसायचं ते त्या दिवशी जिन्यात उभे होते. एकाचा हात पुढं आला न्हाई. तुझ्या नवऱ्याचा आला. मी नसते तर आज चंदनाची शेगडी कुणी पेटवली असती?" मग म्हणाल्या, "तुला हे सगळं एकटीला सोसावं लागलं. मला ठाऊक नव्हतं, कस्तुरी."

कस्तुरी आत गेली. कॉफी गाळल्याचा वास आला. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. तिनं पेला अक्कांपुढे धरला. अक्कांनी क्षणभर हात मागे घेतला आणि मग तो सरळ तिच्या हातातून घेतला. दोघींची बोटं एकमेकींना लागली. काही झालं नाही.

निघताना अक्कांनी त्रिविक्रमांना विचारलं, "घरी का येत नाही?"

"अण्णा मला बघितलं की मान फिरवतो, वैनी."

"त्यांना राग आलाय का?"

"राग नाही तो," त्रिविक्रम म्हणाले. "त्यालाच विचारा. मी सांगणं बरं नाही."

संध्याकाळी घरी पोचल्यावर अक्कांनी पाय धुतले, हात धुतले, लुगडं बदललं आणि बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. मी दारापर्यंत होते. त्यांनी पाळण्यातून बाळ उचललं. उजवा हात कापत होता, म्हणून डाव्या हाताची घडी करून त्यात ठेवलं. बाळ जागंही झालं नाही. चंदनानं आईकडे पाहिलं आणि गादीवर जागा करून दिली. मी माडीवर निघून आले.

त्या रात्रीचं बोलणं अक्कांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. गिरीराज पेपर घेऊन बसले तेव्हा त्यांनी तो हातातून काढून घेतला आणि सरळ विचारलं. गिरीराज आधी काही नाही म्हणाले. मग म्हणाले, "मी त्याचा दंड धरून ठेवला होता, सगुणा. तो पुढं निघाला तेव्हा. हात लावू नको, तूही जाशील, असं म्हणालो. त्यानं मला ढकललं आणि गेला. ढकललं नसतं तर तू आज नसतीस. तो समोर आला की मला ते आठवतं."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं. एव्हाना आम्ही अगं-तुगंवर आलो होतो.

"काय म्हणणार? बायको गेलीच असं सगळ्यांना वाटलं होतं. भाऊ तरी राहू दे असं वाटलं असंल. दोघांपैकी एक वाचवायला बघितलं त्यांनी. मी त्यांच्या जागी असते तर मीपण धरलं असतं." मग त्या म्हणाल्या, "पण म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग? ज्याचा दंड धरला त्याला सांगा."

गिरीराजांनी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमधून भावाच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. काय बोलले कुणाला माहीत नाही. पुढच्या रविवारी त्रिविक्रम आणि कस्तुरी जेवायला आले. भाऊ फारसे बोलले नाहीत. पण गिरीराजांनी भावाच्या पानात स्वतः तूप वाढलं, आणि तानूबाई देवापुढे जरा जास्तच वेळ बसल्या.

थंडी सरली. ऊन तापायला लागलं तशी अक्कांच्या डोक्यात एक गोष्ट आली. वळीव सुरू व्हायच्या आत गल्लीतल्या सगळ्यांना त्रिविक्रमांनी श्वास द्यायला, छाती दाबायला शिकवावं. त्रिविक्रम लाजले, लोक येणार नाहीत म्हणाले. अक्का घरोघर जाऊन सांगून आल्या. मार्चमधल्या एका सकाळी अंगणात चटया टाकल्या, मधोमध एक मोठा लोड ठेवला, आणि अर्धी गल्ली जमली. बरेचजण मजा बघायला आले होते. त्रिविक्रमांनी लोडाला माणूस समजून मान कशी मागे करायची, नाक कसं धरायचं ते दाखवायला सुरुवात केली तेव्हा मागे बायकांमध्ये खसखस पिकली.

अक्का उठून उभ्या राहिल्या. "हसा," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, मग मराठीत. "हसून घ्या आणि मग नीट बघा. यांनी माझ्या तोंडात श्वास घातला म्हणून मी इथं उभी हाय. उद्या तुमच्या घरात कुणी पडलं तर हात लावा. अंगात वीज राहत नाही. मला विचारा, मला ठाऊक हाय."

हसणं थांबलं. मालनबाई पदर खोचून सगळ्यांत आधी पुढे आल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी-तिघी, मग पुरुष. लाजत, एकमेकांना ढकलत.

सगळ्यांचं झाल्यावर गिरीराज पुढे आले. कुणी बोलावलं नव्हतं. धोतर सावरून लोडापाशी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात त्यावर ठेवून सारा जोर लावून दाबायला लागले. एकदा, पुन्हा, पुन्हा. कपाळावर घाम आला. कापूस दबून लोडाला खड्डा पडला तरी त्यांना थांबवेना.

"अण्णा, हळू," त्रिविक्रम खाली वाकून म्हणाले. "बरगडी मोडंल."

त्यांनी भावाच्या मनगटांवर आपले हात ठेवले आणि किती दाबायचं, कधी सोडायचं ते दाखवलं. दोघं भाऊ तसेच काही वेळ त्या लोडावर ओणवे होते. तानूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अक्का कॉफी बघायला आत गेल्या.

आम्ही त्या माडीवर पुढची तीन वर्षं राहिलो. अक्कांचा हात बराच सुधारला, मशीन पुन्हा चालू झालं. डावा कान मात्र मंदच राहिला. गच्चीवरची लोखंडी तार काढून गिरीराजांनी सुती दोरी बांधली. विजेची भीती काही गेली नाही. गडगडलं की अक्कांचा चेहरा उतरायचाच. फक्त कोठीच्या खोलीत बसणं थांबलं, कारण त्यांना दुसरं काम लागलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं, पसरलेलं झाड होतं आणि पाऊस आला की वाटसरू, सायकलवाले, भाजीवाल्या सगळे त्याच्याखाली गोळा होत. अक्का दारात उभ्या राहून, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं, त्यांना कन्नडमध्ये हाका मारत. झाडाखाली थांबू नका, आत या. माणसं आधी संकोचत, मग येत. पुढची खोली ओल्या अनोळखी माणसांनी भरून जाई, दारात चपलांचा चिखल होई, आणि तानूबाई पुटपुटत पोतेरं शोधत असत.